योम किप्पूर: दारफाळणीच्या सणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर उपास धरणारे, आणि ज्यांच्या घरात, शेजारात किंवा कचेरीत कुणी हा उपास धरतं असे. प्रार्थनेचे तपशील बेने इस्राएल मंडळी (कोकणातला मराठी बोलणारा यहुदी समाज) पाळतात त्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या पद्धतीप्रमाणे दिले आहेत.

योम किप्पूर म्हणजे काय? दारफाळणीचा सण तोच का?

हो, तोच. ‘योम किप्पूर’ म्हणजे यहुद्यांचा (ज्यू लोकांचा) प्रायश्चित्ताचा दिवस. तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात (वायिक्रा, मराठी बायबलमधलं लेवीय) १६व्या आणि २३व्या अध्यायात त्याची आज्ञा आहे: सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी जीवाला क्लेश द्या आणि कोणतंही काम करू नका. ‘जीवाला क्लेश’ याचा अर्थ परंपरेने उपास असा लावला.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांकडे हिब्रू पुस्तकं नव्हती त्या काळातही हा दिवस पाळला जात होता. पांढरे कपडे घालायचे, आदल्या संध्याकाळी दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवायचा नाही. म्हणून दार फाळण्याचा, म्हणजे बंद करण्याचा सण. उच्चार घराघरांत थोडा बदलतो. रोश हशाना (नवं वर्ष) हा ‘नव्याचा सण’, तिशा बेआवचा (मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा) उपास ‘बिरड्याचा रोजा’, तसंच हे नाव. पुढे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, उभी राहिली (मुंबईतलं पहिलं, शार हारहमीम, १७९६ साली) आणि दार लावून घरात बसण्याऐवजी लोक दिवसभर सिनेगॉगमध्ये बसू लागले. नाव मात्र टिकलं.

तारीख दर वर्षी का बदलते? दसऱ्याच्या आसपास येतो तो कसा?

हिब्रू पंचांगही आपल्या पंचांगासारखं चांद्र-सौर आहे. तिश्री या सातव्या महिन्याची दहावी तिथी म्हणजे शुक्ल पक्षातली दशमी, आणि तिश्री पुष्कळदा आश्विनाबरोबर पडतो. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले होते.

नेहमी जुळतं असं नाही, कारण अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी येतो. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे आणि हिब्रू अधिक महिना २०२७च्या सुरुवातीला. त्यामुळे २०२६चा योम किप्पूर भाद्रपदात, ऐन गणेशोत्सवात येतो: रविवार २० सप्टेंबरच्या संध्याकाळपासून सोमवार २१ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत. २०२७ मध्ये तो रविवार १० ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होईल.

हिब्रू पंचांगाची रचनाच अशी आहे की योम किप्पूर मंगळवारी, शुक्रवारी किंवा रविवारी येत नाही. शुक्रवार-रविवार टाळण्याचं कारण व्यावहारिक आहे. शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) लागून आला तर सलग दोन दिवस स्वयंपाकही करता येणार नाही आणि अंत्यविधीही.

उपास नेमका किती तासांचा?

साधारण २५ तासांचा. सूर्यास्ताच्या थोडं आधी सुरू करायचा आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर सोडायचा. मुंबई-अलिबागकडे या दिवसांत सूर्यास्त सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान असतो, म्हणून सहापर्यंत शेवटचा घोट घेऊन झालेला असावा. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला तारे दिसल्याशिवाय उपास सुटत नाही. नेमकी वेळ आपल्या सिनेगॉगच्या वेळापत्रकातून घ्या. मोबाइलवरच्या अॅपमध्ये शहर चुकीचं लागलेलं असतं आणि पंधरा-वीस मिनिटांचा घोळ होतो. पुणे आणि मुंबई यांच्या वेळातही काही मिनिटांचा फरक आहे.

एकादशीसारखं फराळाचं चालतं का? निदान पाणी?

नाही. साबुदाणा नाही, फळ नाही, दूध नाही, पाण्याचा थेंब नाही. रमजानच्या रोज्याशी तुलना केली तर पाणी न पिण्यापुरती जुळते. पण रोजा पहाटे सुरू होतो आणि योम किप्पूर आदल्या संध्याकाळी. म्हणजे पहाटे उठून खाण्याची सोय इथे नाही. नव्याने उपास धरणारे नेमके इथेच फसतात: रात्री भूक लागणार नाही असं समजून संध्याकाळचं जेवण हलकं घेतात आणि सकाळी अकरालाच गळून जातात.

उपासाशिवाय आणखी काय वर्ज्य आहे?

पाच गोष्टी: खाणं-पिणं, अंघोळ-धुणं, अंगाला तेल-अत्तर लावणं, चामड्याची पादत्राणं आणि पती-पत्नीचा शरीरसंबंध. शिवाय शब्बाथाला जी कामं वर्ज्य ती सगळीच, म्हणजे आग पेटवणं, स्वयंपाक, लिहिणं, गाडी चालवणं, खरेदी-विक्री.

प्रश्न येतात ते बारकाव्यांचे. सकाळी उठल्यावर आणि संडासला जाऊन आल्यावर हात धुवायचे, पण बोटांच्या मुळापर्यंतच. हाताला चिखल किंवा बाळाची शी लागली तर तेवढी जागा नीट धुवायची, त्यात पाप नाही. बंदी आहे ती सुखासाठी धुण्याला. दात घासायचे नाहीत, चूळही भरायची नाही. इतर उपासांत याबाबत थोडी सूट मिळते, इथे नाही. क्रीम, पावडर, अत्तर, डिओडरंट आदल्या दिवशीच काय ते. ऑक्टोबर हीटमध्ये हे जड जातं हे मान्य, म्हणून सुती कपडे घाला आणि दुपारी उन्हात हिंडू नका.

चामड्याची बंदी फक्त पायांपुरती आहे. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा चालतो. कोल्हापुरी चालत नाही. रबरी चप्पल, कॅनव्हासचे बूट, क्रॉक्स चालतात. ‘दिसायला चामड्यासारखं’ असलेलं रेक्झिनही चालतं. मात्र आतलं अस्तर चामड्याचं आहे का ते आदल्या दिवशी उजेडात बघून घ्या.

सुवास घेणं मात्र वर्ज्य नाही, उलट सेफार्दी रिवाजात त्याला जागा आहे. एरवी दिवसाला १०० आशीर्वाद म्हणायचे असतात. या दिवशी जेवणाचे सगळे आशीर्वाद कमी होतात, म्हणून लिंबू, गुलाबपाणी, सब्जाची पानं हुंगून त्यांचा आशीर्वाद म्हणतात. पिशवीत आदल्या दिवशीच ठेवा. त्या दिवशी झाडावरून तोडायचं नाही.

माफी कुणाची आणि कशी मागायची?

मिश्ना या प्राचीन नियमग्रंथातल्या योमा या भागाच्या शेवटच्या अध्यायात नियम स्पष्ट आहे: माणूस आणि देव यांच्यातली चूक योम किप्पूरने धुऊन निघते, माणसा-माणसातली चूक, ज्याचा अपराध केला त्याला राजी केल्याशिवाय धुऊन निघत नाही. म्हणजे भावाचे पैसे बुडवून २५ तास निर्जळी राहिलात तर उपास घडला, प्रायश्चित्त नाही.

तेशुवा म्हणजे माघारी फिरणं. मध्ययुगीन धर्मपंडित रंबामने सांगितलेले त्याचे भाग असे: चूक थांबवणं, मनापासून वाईट वाटणं, तोंडाने कबुली देणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. नुकसान पैशाचं असेल तर आधी पैसे परत. तोंडी माफी त्यानंतर.

व्यवहारात काय बिघडतं? सगळ्या नातेवाइकांच्या ग्रूपवर ‘कळत-नकळत दुखावलं असल्यास क्षमस्व’ असा मेसेज टाकला की काम झालं असं वाटतं. ज्याचा खरंच अपराध केला त्याच्यासाठी तो मेसेज पुरत नाही. चूक नाव घेऊन सांगावी लागते: “वहिनी, लग्नात सगळ्यांदेखत तुमच्या माहेराबद्दल मी बोललो. ते खोटं होतं आणि मी ते बोलायला नको होतं.” यात ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द नाहीत, आणि ‘पण तुम्हीही’ हेही नाहीत.

समोरचा ऐकत नसेल तर तीनदा जायचं, आणि जमेल तर सोबत तिघांना घेऊन. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर तुमचं कर्तव्य झालं. अपवाद गुरूचा: तिथे मोजदाद नाही, माफी मिळेपर्यंत जायचं. माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जाऊन कबुली द्यायची. पैसे देणं असेल तर वारसांना द्यायचे.

एक नाजूक प्रसंग: तुम्ही कुणाची निंदा केली आणि त्याला ते माहीतच नाही. सांगून माफी मागायची का? याबद्दल धर्मपंडितांत दोन मतं आहेत. एका मते सांगितल्याशिवाय माफी नाही. दुसऱ्या मते, सांगून नवी जखम करायची असेल तर गप्प राहावं. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण ज्यांच्यासमोर निंदा केली, त्यांच्याकडे जाऊन ‘मी बोललो ते खरं नव्हतं’ एवढं तरी सांगावंच.

हे सगळं तिश्रीच्या आधीच्या एलूल महिन्यात सुरू करा. सेफार्दी रिवाजात सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, त्या महिनाभर पहाटे म्हणतात, त्या यासाठीच. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता कुणी फोन उचलत नाही.

कोंबडी ओवाळण्याचा विधी करायलाच हवा का?

नाही. कपारोत हा रिवाज आहे, आज्ञा नाही. शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारो यांचा त्याला विरोधच होता. पुष्कळ लोक कोंबडीऐवजी पैसे ओवाळून दान करतात.

आदल्या दिवशी काय आणि किती खावं?

नवव्या दिवशी जेवणं हे पुण्याचंच काम मानलं आहे, तेव्हा संकोच नको. दोन जेवणं घ्या: दुपारचं पोटभर, आणि साधारण साडेचार-पाचला शेवटचं, ज्याला सेउदा मफसेकेत म्हणतात. शेवटच्या जेवणात भात, साधं वरण किंवा कोंबडीचं पातळ कालवण, उकडलेला बटाटा, थोडी भाजी. लोणचं, पापड, सुकट, वेफर्स, तळलेले मासे नकोत, कारण मिठाने रात्रभर तहान लागते. बेत कालवणाचा असेल तर त्या जेवणात दही-ताक-दूध येत नाही हे नेहमीचंच (मांस आणि दूध एकत्र खात नाहीत).

पाणी एकदम दोन तांबे पिऊन उपयोग नाही. तासाभरात लघवीवाटे निघून जातं. सकाळपासून दर तासाला एक पेला प्या. लघवी फिकट राहिली म्हणजे पुरेसं चाललं आहे.

डोकेदुखी बहुतेकदा भुकेची नसते, चहाची असते. दिवसाला चार कप पिणाऱ्याने अचानक शून्यावर आलं की दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. शेवटचा अर्धा कप आदल्या दिवशी सकाळी. तंबाखू-सिगारेटचंही तसंच, सिगारेट तर आगीमुळेही वर्ज्य आहे.

दिवे कधी आणि किती लावायचे?

सूर्यास्ताच्या साधारण १८ ते २० मिनिटं आधी. सणाचे दिवे, शिवाय वारलेल्या आई-वडिलांच्या नावाचा एक दिवा, जो दुसऱ्या दिवशी उपास सुटेपर्यंत जळायला हवा. मेणबत्ती आणत असाल तर २४ तासांची पुरेलच असं नाही, २६ तासांची बघा. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात ही घरगुती पद्धत चांगली आहे, फक्त आठवडाभर आधी एकदा पूर्ण जाळून वेळ मोजा. वात जाड असेल तर तेल निम्म्या वेळात संपतं. एकदा सण लागला की तेल घालता येत नाही आणि वातही सारता येत नाही. पेला परातीत ठेवा, पडद्यापासून लांब आणि पंख्याखाली नको.

दिवा लावणाऱ्या बाईंसाठी महत्त्वाचं: आशीर्वाद म्हणून दिवा लावला आणि ‘शेहेहेयानू’ (हा दिवस दाखवल्याबद्दलचा आशीर्वाद) म्हटलं की त्यांचा उपास आणि सण लागला. मग पाणी नाही, रिक्षा नाही, चामड्याची चप्पल नाही. घरी दिवा लावून गाडीने सिनेगॉगला जायचं असेल तर ‘मी अजून सण धरलेला नाही’ असं लावण्याआधी मनाशी ठरवावं आणि शेहेहेयानू सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर म्हणावं. दर वर्षी यात गोंधळ होतो.

पांढरेच कपडे का? तालीत रात्री घ्यायचा का?

पांढरा रंग शुद्धीचा आणि कफनाचाही. तालीत (प्रार्थनेची शाल) एरवी रात्री घेत नाहीत; ही वर्षातली एक रात्र अपवाद आहे. मात्र आशीर्वाद म्हणायचा तर सूर्यास्ताआधीच अंगावर घ्या.

प्रार्थना किती असतात? कोणत्या वेळी हजर असायलाच हवं?

पाच: रात्रीची अर्वीत, सकाळची शाहरीत, मग मुसाफ, दुपारची मिन्हा आणि शेवटची नेइला. एरवी कोणत्याही दिवशी पाच नसतात.

संध्याकाळी अर्वीतच्या आधी कोल निद्रे, म्हणजे नवस-शपथा रद्द करण्याचा पाठ. हेखाल (तोराचं कपाट) उघडतात, सेफेर (तोराची गुंडाळी) बाहेर काढतात, हज्जानच्या (प्रार्थना चालवणाऱ्याच्या) दोन्ही बाजूंना सेफेर घेतलेले लोक उभे राहतात आणि ते पाठ तीनदा म्हणतात. हे सूर्यास्ताआधी सुरू व्हावं लागतं, म्हणून उशीर करू नका. कोल निद्रेचा पहिला सेफेर धरण्याचा मान मोठा मानतात. त्यासाठी कबूल केलेली रक्कम सण झाल्यावर द्यायची, त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही.

मुसाफमध्ये अवोदा येते, म्हणजे येरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक या दिवशी काय काय करत असे त्याचं पायरीपायरीने वर्णन. ‘लोक गुडघे टेकून जमिनीवर लवत’ या ओळीला लोकही लवतात. फरशीवर थेट कपाळ टेकत नाहीत, खाली कापड किंवा टॉवेल घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी उभं राहून मान झुकवली तरी चालतं.

मिन्हाला योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात: निनवे शहर पश्चात्ताप करतं आणि वाचतं. ऐकायला सोपं आहे, मुलांना या वाचनाला बसवावं.

नेइला म्हणजे दार बंद होणं. दारफाळणी हे नाव या शब्दाच्या किती जवळ जातं ते बघा. इथे ‘एल नोरा अलिला’ सगळे मिळून गातात, उन्हं उतरलेली असतात, आवाज बसलेले असतात, तरी सगळ्यांत जोरात हेच गाणं होतं. शेवटी शेमा (देव एकच आहे ही घोषणा), मग सात वेळा ‘अदोनाय हू हाएलोहिम’ (परमेश्वर हाच देव) आणि शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग. दिवसभर बसणं शक्य नसेल तर कोल निद्रे आणि नेइला चुकवू नका.

कोल निद्रे म्हटलं की दिलेली वचनं रद्द होतात?

तुम्ही देवाशी केलेले नवस-शपथा, तेवढ्याच. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द, करार, कर्ज, कोर्टातली शपथ यांना कोल निद्रे हात लावत नाही. शतकानुशतकं या पाठाचा विपर्यास करून यहुद्यांवर आरोप झाले, म्हणून हे ठामपणे सांगितलेलं बरं.

हिब्रू येत नसेल तर?

मराठीत म्हणा. कबुलीची प्रार्थना, विद्दुय, समजून म्हटलेली जास्त मोलाची. मराठीत ही सोय जुनी आहे: जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी १९व्या शतकात हिब्रू प्रार्थनांची बरीच पुस्तकं मराठीत आणली. ‘आशम्नू’ हिब्रू अक्षरक्रमाने रचलेलं आहे आणि ‘आम्ही’ म्हणून म्हणायचं असतं. चोरी तुम्ही केली नसली तरी ‘आम्ही चोरी केली’ म्हणायचं, कारण कबुली समाजाची आहे. प्रत्येक शब्दाला उजव्या मुठीने छातीवर हलकेच ठोकतात.

कुणी उपास धरू नये?

जिवाला धोका असेल तर खाणं हीच आज्ञा. इथे ‘मी सहन करीन’ म्हणणं पुण्य नाही, चूक आहे.

नऊ वर्षांखालच्या मुलांना उपास नाही. नऊ-दहापासून सवय म्हणून तासातासाने वाढवायचा: नाश्ता आठऐवजी नऊला, मग दहाला. मुलीला १२ आणि मुलाला १३ पूर्ण झाली की पूर्ण उपास.

बाळंतिणीने पहिले तीन दिवस उपास धरायचाच नाही. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत ती ‘मला गरज आहे’ म्हणाली तर तिला द्यायचं, डॉक्टरांची चिठ्ठी मागायची नाही. त्यानंतर तब्येतीनुसार. निरोगी गर्भवतीला नियमाने उपास आहे. पण रक्तस्राव, कळा, आधीचा गर्भपात, रक्तदाब यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध आटण्याची भीती असेल आणि बाळ दुसरं काही घेत नसेल तर तेही डॉक्टरांना आणि रब्बींना (धर्मगुरूंना) सांगा.

मधुमेहींनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने डोस बदलू नये. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी धोकादायक ठरतात, तर काहींमुळे साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली तर तिथेच उपास संपला, लगेच साखर घ्या. किडनीचे, लिथियम घेणारे, लघवीच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांनाही निर्जळी राहण्याचा धोका मोठा. जीवनावश्यक औषध नियमित वेळेला घ्यायचंच.

‘मोजून खाणं’ म्हणजे काय?

डॉक्टर म्हणाले की अगदीच उपाशी राहू नका, पण पूर्ण जेवणाचीही गरज नाही, तर हा मधला मार्ग आहे. एका वेळी ३० मिलिलिटरपेक्षा कमी आकारमानाचं खाणं, मग ९ मिनिटं थांबणं, मग पुन्हा. पेयासाठी माप आपल्या तोंडाचं: एका गालात मावेल त्याहून कमी. आदल्या दिवशी तोंडभर पाणी घेऊन औषधाच्या मापात थुंका आणि त्याच्या निम्म्याहून थोडं कमी, हे तुमचं माप. मोठ्या माणसाचं बहुधा ३५-४० मिलिलिटर येतं. अशा घोटांनी तासाला २०० मिलिलिटरच्या वर पाणी पोटात जातं, जे पुष्कळांना पुरतं.

मापं, डबे, खाण्याचे तुकडे आदल्या दिवशी तयार ठेवा. ९ मिनिटं मोजायला भिंतीवरचं घड्याळ असू द्या. आणि प्रकृती बिघडू लागली तर मापं बाजूला ठेवून हवं तेवढं खा-प्या.

चक्कर आली तर?

आडवं व्हा, पाय उशीवर. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं तर उरलेली प्रार्थना बसून म्हणा. उपास टिकवणं हे प्रार्थनेसाठी उभं राहण्यापेक्षा वरचं आहे, त्यामुळे घरी जाऊन झोपलात तरी चालेल. बोलणं असंबद्ध होणं, छातीत दुखणं, सतत उलट्या, आठ-दहा तास लघवी न होणं: यातलं काही दिसलं तर लगेच ओआरएस द्या, फोन करा, गाडी काढा. यात सण मोडत नाही. जीव वाचवणं सणाच्या वर आहे.

चुकून काही तोंडात गेलं तर?

थुंकून टाका आणि उपास पुढे चालू ठेवा. गिळलं गेलं तरी उरलेला दिवस उपासच आहे. ‘मोडलाच आहे तर आता जेवून घेतो’ हे चालत नाही.

फोन, लिफ्ट, फ्रिज यांचं काय करायचं?

फोन बंद करून कपाटात, आणि रोजचा गजर रद्द करून. दिवे-पंखे आधीच चालू ठेवा किंवा टायमर लावा. फ्रिजमधला बल्ब काढून ठेवा, नाहीतर रात्री उपास सुटायच्या आधी पोराला दूध द्यायला दार उघडताना अडचण. बटण दाबून लिफ्ट वापरता येत नाही. म्हणून वरच्या मजल्यावरचे वयस्कर लोक सिनेगॉगजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम करतात ते शहाणपणाचं आहे.

उपास कसा सोडायचा?

तारे दिसले, अर्वीत झाली की आधी हवदाला (सणाची सांगता करणारा विधी), मग खाणं. द्राक्षरसावर आशीर्वाद, मग दिव्याचा. हा दिवा नव्याने काडी ओढून पेटवलेला नको. सणाच्या आधीपासून जळत असलेला किंवा त्यावरून लावलेला हवा. म्हणूनच वर २६ तासांचं सांगितलं. शनिवार नसेल तर हवदालात सुगंधी द्रव्य घेत नाहीत.

कोशेर (यहुदी धर्मनियमांप्रमाणे बनवलेली) वाईन मिळत नसे तेव्हापासून बेने इस्राएल घरांत काळ्या मनुकांचं शरबत करतात. २५० ग्रॅम मनुका धुऊन १ लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा, गार करून कुस्करा, पंच्याने गाळा. साखर लागत नाही. आदल्या दिवशी सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी फसफसतं.

पहिला पेला शरबताचा किंवा साध्या पाण्याचा, हळूहळू. पुष्कळ घरांत करंजीच्या आकाराच्या, रवा-खोबऱ्याचं सारण भरलेल्या पुऱ्या असतात; एक पुरे, चार नकोत. अर्ध्या तासाने मऊ भात-वरण. एकदम मटण-भाकरीवर बसलात तर रात्रभर पोट दुखणार. त्याच रात्री चंद्राचा आशीर्वाद म्हणतात, आणि पाच दिवसांवर आलेल्या सुक्कोत या मांडवांच्या सणाच्या मांडवाची पहिली काठी रोवण्याचीही रीत आहे.

शिळा सण काय असतो?

योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला बेने इस्राएल मंडळी शिळा सण म्हणतात. गोरगरिबांना दान आणि एकमेकांच्या घरी जाणं हा त्याचा भाग. दारफाळणीच्या आदल्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात अशी जुन्या लोकांची समजूत होती. ती इतर यहुदी समाजांत नाही, कोकणातली आहे.

गावात दहा माणसं जमत नसतील तर?

एकट्याने बहुतेक सगळं म्हणता येतं. कद्दीश आणि केदुशा या सामूहिक प्रार्थना आणि सेफेर तोराचं वाचन दहा प्रौढ पुरुषांच्या मिनयानशिवाय होत नाही. वाचनाचा भाग छापील पुस्तकातून वाचा. पण शक्य असेल तर दोन दिवस जवळच्या सिनेगॉगच्या गावी जा: अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ, पनवेलचं बेथ एल, ठाण्याचं शार हशामाईम, पुण्यात रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. ओळख नसेल तर आधी फोन करून जाणं बरं. सुरक्षेमुळे अनोळखी माणसाला दारात विचारपूस होते आणि ओळखपत्र लागतं, आणि सण लागल्यावर ते दाखवण्याची खटपट नको.

आम्ही यहुदी नाही. शेजाऱ्यांना काय म्हणावं?

‘हॅपी योम किप्पूर’ नको. ‘उपास सुखरूप पार पडो’ एवढं पुरे. हिब्रूत म्हणायचं तर ‘गमार हतिमा तोवा’, म्हणजे तुमच्या नावावर चांगली मोहोर उमटो. दिवसभर बेल वाजवू नका, कुरिअर स्वतःकडे घेऊन ठेवा. प्रसाद, मोदक, आपट्याची पानं घेऊन जायचं असेल तर रात्री आठनंतर किंवा दुसऱ्या दिवशी जा. घेतील का, ते त्यांना मोकळेपणी विचारा. कचेरीत सुटी देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आदल्या दिवशी दुपारी तीनलाच त्यांना निघावं लागतं, म्हणून सुटी दीड दिवसाची धरा.